पुसलेला कोड

घाटात बंद पडलेल्या आणि मागून ट्रकने ठोकलेल्या गाडीला मेकॅनिकने स्कॅनर जोडला.

"सेन्सर गेलाय, म्हणून इंजिन बंद पडलं. पण हा बिघाडाचा कोड आधी कुणीतरी पुसलाय. त्यानंतर गाडी बेचाळीसच किलोमीटर चाललीय."

"तिनेच पुसला असणार," जावई म्हणाले. "दहाव्याला सगळे बोलत होते, बेफिकीर होती म्हणून. मी उगाच भांडलो त्यांच्याशी."

माझ्या मुलीला कोड पुसता येत नव्हता. घरी असाच एक स्कॅनर मी घेतला होता, माहितीपुस्तिका दोनदा वाचून. त्या सकाळी निघताना ती म्हणाली, "बाबा, इंजिनचा दिवा लागलाय. गॅरेजला दाखवू का?" मी स्कॅनर जोडून बटण दाबलं, दिवा घालवला. तिने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली.

"मकरंदराव," मी म्हणालो, "ती बेफिकीर नव्हती. कोड मी पुसला."