काठाचा रंग

"काका, या खर्चात काळ्या शाईशिवाय आणखी एकच रंग बसेल. साडीच्या काठाला कोणता देऊ?" छापखान्यातल्या बाईंनी नीळकंठरावांच्या दिवंगत पत्नीचा कृष्णधवल फोटो पडद्यावर मोठा केला आणि रंगांचं कार्ड पुढे सरकवलं. वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेवर तो छापायचा होता.

नीळकंठराव घुटमळले. ग्रंथपाल म्हणून सांभाळलेल्या ग्रंथालयातल्या कुठल्या पुस्तकाची बांधणी कोणत्या रंगाची, हे ते आजही सांगू शकले असते. त्या साडीचा काठ मात्र आठवेना. विचारायला घरी आता कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"जांभळा, भावोजी. तुम्हीच आणली होतीत की! ताईला जांभळा मुळीच आवडायचा नाही, पण नेसायची."

"जांभळा?" ते पुटपुटले. "मला कधी बोलली नाही."

"पुस्तकातून डोकं वर काढलं असतंत तर बोलली असती!"

"मग तिला कोणता आवडायचा?" त्यांनी विचारलं.

"पिवळा. शेवंतीसारखा."

फोन ठेवून त्यांनी कार्डावरच्या पिवळ्यावर बोट टेकवलं.

"मगाशी जांभळा म्हणालात ना?" बाईंनी विचारलं.

"तो माझ्या आवडीचा होता," नीळकंठराव म्हणाले.