मागचे स्पीकर

शेवटचा खोका उघडून झाला तरी तोलेगेन खुर्चीतून हलला नव्हता. जमिनीवर पाच स्पीकर, जडशीळ रिसीव्हर, ब्लू-रे प्लेअर आणि वायरींची भेंडोळी पसरली होती. त्या पसाऱ्यात त्याची मुलगी झिबेक मांडी घालून बसली होती. कित्येक वर्षांनी ती कारागांडाच्या या घरात आली होती, आणि आल्यापासून दोघांत या यंत्राखेरीज कशाचंच बोलणं निघालं नव्हतं.

तिला बोलावलं होतं खालच्या मजल्यावरच्या लिदियानं. तुझ्या बापानं घरात अख्खं थिएटर आणून ठेवलंय, जोडणारं कुणी नाही, आणि तू तर अस्तानात असल्याच दुकानात कामाला, असं ती फोनवर म्हणाली होती. तो स्वतः काही फोन करायचा नाही, हेही तिनं सांगून टाकलं होतं. झिबेकला त्याचं नवल वाटलं नाही. तिनं वादिमशी लग्न ठरवलं त्या दिवशी तोलेगेन भरल्या ताटावरून उठला होता, आणि नंतर आईच्या दफनाच्या वेळीही बापलेक एकमेकांकडे न बघता उभे होते.

आज ती जिना चढून आली तेव्हा दार सताड उघडं होतं. तो दाराकडे तोंड करून बसला होता. "आलीस," तो म्हणाला. केवढ्यानं म्हणाला. आयुष्यभर खाणीत सुरुंग लावलेल्या माणसाचा आवाज तसाच असायचा, पण तिला ते खेकसल्यासारखं वाटलं.

तिनं काम सुरू केलं. प्लेअरची एचडीएमआय केबल रिसीव्हरला लावली, रिसीव्हरची टीव्हीला. मग स्पीकरच्या वायरी सोलायला घेतल्या. लाल लालला, काळी काळीला. मान न वळवता तिनं विचारलं, आईच्या कबरीवर दगड बसवला का. तो खिडकीबाहेरच्या काळपट बर्फाकडे बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

डिस्क घातली. एका जुन्या सिनेमातला पाऊस सुरू झाला, पण नुसता समोरूनच. प्लेअर दोनच बाजूंचा आवाज पाठवत होता. ती सेटिंगमध्ये शिरली, आवाज उलगडायचं काम रिसीव्हरकडे सोपवलं, आणि मागचे स्पीकर बापाच्या खुर्चीच्या दोन अंगांना नेऊन ठेवले. पाऊस पुन्हा लावला. टीव्हीशी उभी राहून बापाकडे बघत तिनं विचारलं, "मागून येतोय का, आके?"

"येतोय," तो म्हणाला. "चांगला येतोय."

तिला बरं वाटलं. त्याच्या तोंडून चांगलं हा शब्द ऐकून जमाना झाला होता. मग ती खुर्चीमागं गेली, तर तिथले स्पीकर मुके होते; टीव्हीच्या कपाटावर ठेवलेल्या रिसीव्हरमागं वाकून बघितलं तेव्हा दिसलं की मागच्या दोन्ही वायरींची टोकं तिथंच लोंबतायत, तिनं ती खोचलीच नव्हती. मागून काहीही येत नव्हतं.

म्हणजे कसंही करून हिनं आटपावं आणि निघावं, एवढंच याला हवंय.

ती टॉर्च घेऊन कपाटामागच्या फटीत शिरली. तिथून तो दिसत नव्हता, त्यामुळेच बहुधा तिला धीर आला. हात वायरीवर चालत राहिले आणि तोंडही चालू झालं.

"वादिम मला सोडून गेला, आके. हिवाळ्याच्या तोंडाशीच गेला. घर त्याच्या नावावर होतं, मला सोडावं लागलं. तुमचं खरं होतं, मीच चुकले. ते ऐकायचं असेल तर घ्या, म्हटलं मी." तिनं नाक पुसलं. "कामावरूनही कमी केलंय. सामान स्टेशनवर ठेवून आलेय, घेऊन यायची छाती झाली नाही. आईच्या खोलीत राहू द्याल? भांडणार नाही मी. तुमचं सगळं करीन."

पाऊस पडत राहिला. आता चारी बाजूंनी पडत होता.

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा," ती म्हणाली. "पण काहीतरी बोला."

ती वाट बघत राहिली. टॉर्चच्या उजेडात वायरी, धूळ आणि स्वतःचे हात, एवढंच दिसत होतं. बऱ्याच वेळानं खुर्ची करकरली.

"झालं का?" तोलेगेननं विचारलं.

झिबेक फटीतून बाहेर आली. कपड्यांवरची धूळ झटकली. "झालं," ती म्हणाली. रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला, बटणं बोटानं दाखवली आणि कोट चढवला. चहा घेऊन जा, असं तो म्हणाला. तिनं नको म्हणून मान हलवली. ती दाराशी गेली तेव्हा तो उठून उभा राहिला, हात किंचित पुढं केला, पण ती तोवर जिन्यात पोहोचली होती.

अंधारून आल्यावर लिदिया वर आली. पावसाचा गडगडाट जिन्यापर्यंत ऐकू येत होता. तिनं कानांवर हात ठेवत टीव्ही बंद केला, दिवा लावला आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी तोंडासमोर बसली. मग ओठांनी एकेक शब्द सावकाश घडवत विचारलं, "सांगितलंस तिला, कान पार गेले म्हणून?"

"नाही," तोलेगेन म्हणाला. "कीव येऊन राहिली असती. तशी नको होती मला. तिनं यावं म्हणून तर हे यंत्र आणलं, आईची खोली आवरून ठेवली होती, दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत बसलो. पण पोरीनं राहते म्हणून चकार शब्द काढला नाही."