सोमवारची रेघ

शरच्चंद्राने सोमवारची फोटोची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि त्याचं तोंड कडू झालं. रेघ पुन्हा हलली होती. केसाच्या शंभराव्या भागाइतकीच, पण हलली होती.

मंगळवार ते रविवार ती शहाण्यासारखी जागेवर राही. सोमवार उजाडला की डावीकडे सरके.

ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, आणि मग ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेघा तितक्याच किंचित सरकतात. ते सरकणं टिपणारं यंत्र त्याने माधवनगरातल्या आपल्या घरीच उभारलं होतं. खोली मधली, बिनखिडकीची. एका अंगाला न्हाणीघर, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. दाराला आतून गोधड्या; त्या लावल्यापासून रेघेचं रोजचं भटकणं थांबलं होतं, सोमवार तेवढा उरला होता. यंत्र तपासायला रोज दुपारी एकला लोखंडाच्या ठिणगीच्या उजेडात तो फोटोची एक काच घेई. यंत्राचीच रेघ भटकायला लागली, तर ताऱ्याला काय विचारणार?

पंधरा ऑक्टोबरला ग्वाल्हेरहून सरकारी साहेब तपासणीला येणार होते. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्यच उरणार नव्हतं. मग नव्या राजधानीत, भोपाळात, त्याची फाइल कोण उघडणार? सलग दोन आठवडे रेघ स्थिर दिसली, तरच यंत्र मोठ्या दुर्बिणीला जोडलं जाणार होतं.

स्वयंपाकघरात अहल्याताई, त्याची थोरली विधवा बहीण, जपमाळ घेऊन बसली होती. सोमवारी तिचा उपास. ती संध्याकाळी एकदाच खाई, आणि तो दुपारचा फ्रीगंजच्या खाणावळीत जेवून येई.

"जेवलास?" तिने विचारलं.

"ताई, खोलीत कोण जातं?"

"कुणी नाही."

"सोमवारीच कुणीतरी जातं. शेजारणींना यंत्र दाखवतेस का तू?"

"मी दारालासुद्धा हात लावत नाही, शरद."

"मग रेघ काय आपोआप हलते? माझ्या घरात राहायचं तर एवढं तरी पाळ."

शब्द गेला आणि त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. लोकांचे कपडे शिवून हिनेच त्याला एम.एस्सी.पर्यंत पोचवलं होतं. ताईने माळ डबीत ठेवली.

"रेघ जागेवर राहू दे, म्हणजे झालं," एवढंच ती बोलली.

मंगळवारी पहाटेच्या मोटारीने ती इंदूरला उषाकडे, धाकट्या बहिणीकडे, निघून गेली. त्याने थांबवलं नाही. मनात एक हलकट विचारही येऊन गेला, की बरंच झालं, आता कळेल.

आणि कळलं. मंगळवारची काच पाहिली तर रेघ डावीकडे. बुधवारी डावीकडे. गुरुवारी, शुक्रवारी, अगदी रविवारीही तिथेच. घरात तो एकटा, दाराला कुलूप, किल्ली जानव्याला. आठवड्याचे सगळेच दिवस सोमवार झाले होते.

सोमवारी खाणावळीतून परतल्यावर पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला. चूल सात दिवस पेटलेली नव्हती. राखेवर मांजर निजलं होतं. चुलीमागच्या भिंतीला त्याने तळवा लावला. भिंत गार होती. पलीकडे यंत्र होतं.

रोज सकाळी ताईच्या चुलीने ही भिंत तापायची. सोमवारी सकाळी तेवढी नाही, आणि भिंत गार राहिली की यंत्रातली रेघ सरकायची. इतकं साधं गणित त्याला, प्रोफेसराला, सुटलं नव्हतं, आणि तो तिला नको ते बोलून बसला होता. शरमेने त्याचे कान तापले. आत्ता इंदूरची मोटार पकडावी, तिचे पाय धरावेत, असं त्याला वाटलं. तो चप्पल शोधू लागला.

दारात शेजारच्या सुमनवहिनी उभ्या होत्या. हातात बेलाच्या पानांची पुडी.

"ताई आल्या नाहीत का अजून? आज महाकालला सोबत जायचं पक्कं ठरलं होतं आमचं."

"इंदूरला आहे. मी तिला आणायलाच निघालोय."

"अरे देवा. मग आजचा सोमवार तिकडेच करतील बिचाऱ्या. उद्यापनाला आम्हां दोघांना जेवायला बोलावलं होतं, म्हणून विचारते."

"उद्यापन? कसलं?"

सुमनवहिनी अवघडल्या. "तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. जूनमध्ये तुमच्या यंत्राची ती रेघ रोजच हलत होती ना, ती एका जागी राहावी म्हणून सोळा सोमवार धरले होते त्यांनी. आज शेवटचा."