निरोगी चार

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलखालचा दिवा लागला आणि चौथ्या रांगेत पुन्हा दोन पट्ट्या उजळल्या. एक खाली, जिथे असायला हवी तिथे. दुसरी वर, रुग्णांच्या पट्ट्यांच्या ओळीत.

"घ्या! निरोगी चारने याही वेळी घोळ घातलाच," पोपट म्हणाला. तोंडाला खीळ नसल्यामुळे प्रयोगशाळेत त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. "या पठ्ठ्याला निरोगी ठरवलं कुणी?"

तिने चौथ्या रांगेचा नंबर वहीत टिपला. निरोगी चार ती स्वतः होती.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं, आणि ते बाहेरून मागत कोण फिरणार? म्हणून इथली रीत अशी, की नव्याने येणाऱ्याने एक नळी रक्त द्यायचं. पोपट त्याला वर्गणी म्हणे. नळीवर नाव घालायचं नाही, फक्त नंबर. आल्या आल्या तिनेही वर्गणी दिली होती आणि आपली नळी ओळखू यावी म्हणून, उगाच गंमत, टोपणावर नेलपॉलिशचा ठिपका लावला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम जेलवर वाकल्या. "रसायनं बदलून पाहिलीस?"

"सगळी. पाणीसुद्धा नवं घेतलं."

वरच्या पट्टीचा अर्थ तिथे उभ्या तिघांनाही पाठ होता. एका जनुकात तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिली जातात. तुकडा लांबतो आणि जेलमध्ये मागे राहतो. असा तुकडा ज्याच्यात आहे त्याचा पुढे कधीतरी तोल जायला लागतो. आधी पाय फाकतात, मग आधाराला भिंत लागते, मग चाकांची खुर्ची. मुलांकडे तो जातो किंवा जात नाही, नाणं उडवावं तसं. पण गेला तर बहुधा आणखी लांब होऊन जातो, आणि आजार आधीच्या पिढीपेक्षा लवकर दार ठोठावतो. हा तुकडा लांबतो तरी कसा, याच्याच मागे मॅडम इतकी वर्षं होत्या.

"मॅडम, नमुना खराब नसेल तर?" तिने विचारलं. "म्हणजे त्या माणसाला खरंच असेल तर? सांगायला नको?"

"सांगणार कुणाला? नाव ठेवायचं नाही, हा नियम आपलाच." मॅडमनी दिवा बंद केला. अंधारात त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आणि सांगून त्याच्या हातात काय ठेवणार आपण? औषध यायचंय अजून. जो निरोगी नाही त्याला निरोगींत ठेवता येत नाही, इतकंच आपल्या हातात. काढ ती नळी. दुसऱ्या कुणाची तरी घे."

बाहेर उजेडात आल्यावर पोपट म्हणाला, "तूच दे की. बाळंतीण होऊन वर्ष झालं नाही आणि जिने कसली चढतेस! तुझ्याइतकं धडधाकट आहे कोण इथे?"

"माझी देऊन झालीय."

"कितवी तुझी?"

"आठवत नाही."

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. आई होती. बाळाला दिवसभर आईच सांभाळायची.

"अगं, चिमणी चालली! बाबांचं बोट धरून, चक्क चार पावलं! व्हिडिओ पाठवलाय. तो आधी बघ, मग बोल माझ्याशी."

तिने व्हिडिओ लावला. पोपटाने लगेच मान घुसवली, मॅडमही थांबल्या.

मोजे घातलेले इवलेसे पाय फरशीवर. आजोबांच्या बोटाला लोंबकळत चिमणी एक पाऊल टाकते, डुगडुगते, दुसरं टाकते. आजोबाही डुगडुगतात. पाय फाकून उभे राहतात, मोकळा हात भिंत चाचपतो. मागून आईचं खिदळणं: "अहो, तिला धरा नीट! का तिनेच धरलंय तुम्हाला?"

पोपट खो खो हसला. "पोरगी आजोबांवर गेली बघ! चाल तर हुबेहूब!"

मॅडम हसल्या. तीही हसली. "बाबांना चष्मा बदलायला हवाय," ती म्हणाली. तोल गेला की बाबा सगळ्यांना हेच सांगत. मग तिने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला, आवाज बंद करून, आणि फक्त पाय पाहिले. आधी मोठे. मग छोटे. छोट्यांवरून काही कळत नव्हतं. चालायला शिकणारं प्रत्येक मूल असंच चालतं.

"पेढे कधी?" पोपट विचारत होता.

"आणते," ती म्हणाली आणि फ्रीजरकडे गेली.

दार उघडताच गार धूर अंगावर आला. निरोग्यांच्या रॅकमधून तिने ठिपक्याची नळी उचलली. कचऱ्याची पिवळी पिशवी पायाशीच होती. नळी तिच्यात पडली असती तर कुणी काही विचारलं नसतं. तिने खालचा रॅक बाहेर ओढला, रुग्णांचा. शेवटच्या नळीनंतरच्या खाचेत आपली नळी बसवली. ठिपका वर येईल अशी.

दार फार वेळ उघडं राहिलं म्हणून फ्रीजर ठणाणा करू लागला.

"अगं, लाव ते दार!" पोपट पलीकडून ओरडला. "मंडळी वितळतील ना सगळी!"

नळीच्या शेजारची खाच रिकामी होती, चिमणीचं बोट मावेल एवढी. तिने हातमोजा काढला आणि त्या खाचेवर बोट दाबून धरलं.