घडीची जागा

ज्या कर्मावर मनुष्याने आयुष्यभर श्रद्धा ठेवली, त्याच कर्मातून अनर्थ उद्भवावा आणि तो स्वतःच्या मुखाने सांगण्याची घटिका यावी, याहून कठीण परीक्षा दैव क्वचितच घेते. अग्निशमन केंद्राच्या पाइपभांडाराच्या वृद्ध प्रमुखांवर ती घटिका सकाळी साडेदहाच्या लख्ख उन्हात आली.

त्यांना सारे घडीदादा म्हणत. प्रत्येक पाइपावर त्यांनी समान अंतरावर शाईच्या खुणा केल्या होत्या, आणि आठ वर्षे प्रत्येक मोड नेमकी खुणेवरच पडत आली होती. पाहुणे आले की वरिष्ठ त्यांना आधी दादांचे कपाट उघडून दाखवीत.

त्यांची सख्खी भाची त्याच केंद्रात अधिकारी होती. तीन देशांतील बंबखाने पाहून ती कालच परतली होती, आणि आवारात छायाचित्रे मांडून जवानांना समजावीत होती. एका देशात पाइप बंबाच्या पाठीवर नागमोडी रचतात. बंब पुढे निघाला की तो मागे आपोआप उलगडत जातो. दुसऱ्या देशात मधोमध दुमडून गुंडाळतात, म्हणजे दोन्ही टोके हाताशी राहतात. तिसऱ्या देशात वापरानंतर उंच मनोऱ्यात टांगून वाळवतात.

"पण एक गोष्ट तिन्हीकडे सारखी, मामा. मोड एकाच जागी पडू देत नाहीत. दर वेळी वीतभर सरकवतात."

"का गं? मोडीला मुंग्या येतात?" दादा म्हणाले. जवान खो खो हसले. "तीन देश पालथे घालून बाईसाहेब घड्या घालायला शिकून आल्या! घरी स्वतःची चादर तरी कधी नीट घडी केलीस?"

"हसा, हसा. पण तुमचा एक पाइप द्या. पूर्ण दाबावर लावून बघू."

"एक कशाला? कपाटच ने."

गावातल्या आगी बहुधा बैठ्या शेडच्या. तिथे इतका दाब कधी लागत नसे. आज भाचीने पंपाचा काटा उंच मजल्यांना जेवढा दाब लागतो तिथवर नेला. चाबूक कडाडावा तसा आवाज झाला. पाइप शाईच्या खुणेपाशी फाटला आणि पाण्याने सगळी छायाचित्रे उधळून लावली.

"जुना असेल," दादा म्हणाले. "दुसरा लाव."

दुसराही खुणेपाशीच फाटला. तिसराही. आता कोणी हसत नव्हते.

दादांनी चौथा पाइप उचलला आणि खुणेवरून अंगठा फिरवला. वरून कापड धड होते. आतले रबर मात्र अंगठ्याखाली जुन्या कागदाच्या घडीसारखे चिरलेले लागले. त्यांची दृष्टी बंबाच्या रिकाम्या जागेवर गेली. अर्ध्या तासापूर्वी पहिला बंब एका उंच कचेरीच्या आगीवर गेला होता. त्यावरचे बारा पाइप त्यांनी पहाटे स्वतः रचले होते.

साठीला टेकलेला तो माणूस बिनतारी यंत्राकडे धावत सुटला.

"वर कोण आहे?"

"आपले दोघं, सातव्या मजल्यावर," पलीकडून पथकप्रमुख म्हणाला. "कचेरीतली माणसं कधीच उतरली. काय झालं, दादा?"

"दोघांना खाली घे. आत्ता. पाइप फुटणार आहेत."

"चेष्टा करता का? तुम्ही लावलेले पाइप आहेत ते!"

"मी लावलेत म्हणूनच सांगतोय! माझ्या हातून चूक झालीय. आठ वर्षं होतेय. दुसऱ्या केंद्राचा बंब येईपर्यंत कोणालाही वर पाठवू नकोस."

यंत्र मूक झाले. भाची दारात उभी होती, ओलीचिंब. दादांनी मेजाची कड घट्ट धरली होती. तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

यंत्र खरखरले.

"दादा... दोघं खाली आलेत. चौथ्या मजल्यावर असताना वरचा पाइप फुटला. तिथं वर असते तर—" पथकप्रमुख म्हणाला.

दादा खाली बसले. भाचीने हलकेच विचारले, "मामा, अहवाल द्यावा लागेल. कसं लिहू?"

"झालं तसं लिही. माझ्या नावानिशी. आणि सगळ्या केंद्रांना आजच पाठव. माझ्यासारखा नीटनेटका आणखी कुठे बसला असेल."

आठ वर्षांचा लौकिक एका वाक्यात खाली ठेवणाऱ्या त्या वृद्धास आज रात्री शांत निद्रा लाभो. जे जिने चढून अग्निसन्मुख जातात, त्यांच्या हातातले जल अखेरपर्यंत त्यांची साथ करो.