नोमुसाचं गाणं

“बाबा, ज्या गाण्यानं नोमुसा तुमच्याकडे धावत यायची, ते एकदा म्हणा ना,” शेजारच्या गावातून आलेल्या थुलानीने लाडीगोडी लावली.

फिलेमोनबाबा खुलले. रानाचा पहारा सुटून वर्षं लोटली होती, पण नोमुसाचं नाव निघालं की ते विरघळत. शिंगासाठी चोरांनी गेंड्याची मादी मारली, तेव्हा तिचं पिल्लू बाबांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं. तीच ही नोमुसा, म्हणजे कृपा. कुंपणापलीकडच्या रानात ती अजून होती; चोरांनी मारू नये म्हणून पहारेकऱ्यांनी तिचं शिंग छाटलं होतं.

“तुमच्या चर्चमध्ये गाणार म्हणतोस?”

“हो ना! जुनी गाणी आता कोण म्हणतंय?”

“म्हणतात रे. नव्या पहारेकऱ्यांना दर रविवारी शिकवतो मी. आमच्या वेळी वायरलेस कुठली? या डोंगरावरून त्या डोंगरावर गाऊनच बोलायचो. एकाने म्हटलं की दुसरी ओळ बाकीच्यांनी धरायची. देवाचं नाव काय एकट्याने घ्यायचं असतं?”

चुलीपाशी मक्याचं पीठ घाटणारी बाबांची बायको खेतिवे हसली. “या गाण्यापायी एकदा अख्खं पातेलं करपलं माझं!”

“दुसरी ओळ कोण धरून बसलं होतं मग?”

थुलानीही हसला. मग सहज म्हणाला, “आता भलीथोरली झाली असेल, नाही? छाटलेलं शिंगही वाढलं असेल पुन्हा.”

बाबांनी तपकिरीची चिमूट ओढली. डोळ्यांत पाणी तरारलं.

“वाढलं असेल,” ते म्हणाले. “काढ तुझा फोन.”

डोळे मिटून त्यांनी सूर लावला. खणखणीत, भरदार. खेतिवेचा हात पातेल्यातच थबकला. दुसरी ओळ तिने धरलीच नाही.

“आजी दमल्या वाटतं,” थुलानी म्हणाला.

“दमलेय रे बाळा.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाबा आणि खेतिवे अंगणात चहा घेत बसले होते. कुंपणापलीकडच्या पाणवठ्यावरून बाबांचाच आवाज आला. फोनमधला, जरा घोगरा. थांबला. पुन्हा आला.

बाबांनी कप खाली ठेवला.

“पोरांच्या लक्षात असेल का हो?” खेतिवे पुटपुटली.

इतक्यात डावीकडच्या टेकडीवरून दुसरी ओळ उठली. मग उजवीकडून. मग पाणवठ्याच्या मागून. पहारेकऱ्यांचे तरणे गळे, पावलापावलाने जवळ येणारे.

खेतिवेने ओढणीने डोळे टिपले.

“किती वर्षांनी ऐकलं हो,” ती म्हणाली, “चोर दिसल्यावरचं गाणं!”