पडद्यावरची आई

लेकीनं काढलेला सिनेमा तालुक्याच्या टॉकीजला दुपारी एकदाच लागला. माणसं मोजून अकरा. त्यात मी एक, पहिल्या रांगेत, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून.

गोष्ट आमच्याच घरची. माझा धाकटा दिगू कालव्यात बुडाला, तेव्हा काठावर त्याची बहीण जयमाला होती. दहा वर्षांची.

बाहेर आल्यावर जयमालानं विचारलं, "कसा वाटला, आई?"

"ती बाई म्हणजे मी होय गं? भाकरी लाटण्यानं लाटते! ओठ रंगवून चुलीपुढं बसते! आणि लेकीला जवळ घेऊन म्हणते, ‘बाळा, तुझी काही चूक नव्हती.’ मी कधी म्हणाले होते असं?"

"नाही म्हणालीस," ती खाली बघत म्हणाली. "म्हणून तर घातलं."

वीस वर्षं झाली. मला वाटायचं, न बोलताच पोरीला कळलं असेल. आणि तेवढं ऐकायला तिला अख्खा सिनेमा काढावा लागला.

मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं फिरवलं.

"त्या मेलीला तेही नीट म्हणता आलं नाही. इकडं बघ. मी म्हणते."